घरातला सेन्सर रोज रात्री लाल होतो, किंवा लाल व्हायचाच बंद झालाय: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

मुंबईत मानखुर्द-गोवंडीकडच्या पुनर्वसन इमारतींमध्ये काही घरांत हवा मोजणारे डबे लावलेत. ते बिघडले की मला फोन येतो. दिवसा माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान असतं. हे काम संध्याकाळी आणि रविवारी. चार वर्षांत तक्रारी फिरून फिरून त्याच आल्या आणि उपायही बहुतेक वेळा तेच निघाले, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय. डबा म्हणजे तळहाताएवढी प्लास्टिकची पेटी. आत तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, कार्बन डायऑक्साइडचा (सगळे सीओटूच म्हणतात), धुळीचा, आणि बाहेर एक दिवा: हिरवा, पिवळा, लाल.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय होतंय ते आधी बघा.

- रात्री अकरा-बाराला दिवा लाल होतो आणि सकाळी दार उघडेपर्यंत लालच राहतो.
- सुरुवातीला रोज लाल व्हायचा, आता दोन-तीन आठवडे हिरवाच आहे. घरात मात्र काहीच बदललेलं नाही.
- दिवेलागणीला, देवापुढे उदबत्ती लावली किंवा फोडणी दिली की सीओटू एकदम दोन-तीन हजार पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग) जातो.
- आर्द्रता ९९ वर अडकली आहे. किंवा उलट, भिंतीला हात लावला तर ओली लागते आणि डबा ५५-६० दाखवतो.
- बाहेर धो-धो पाऊस, तरी धुळीचा आकडा चढलेला.
- रात्री आकडे येणंच बंद होतं, सकाळी आपोआप सुरू.

दुसरं लक्षण वाचून बरेच जण म्हणतील, हिरवा आहे मग तक्रार कसली? माझ्या अनुभवात सगळ्यात घातक बिघाड हाच. त्यावर खाली सविस्तर लिहिलंय, ते कृपया वगळू नका.

क्रम ठरलेला: आधी डबा, मग खोली, मग इमारत. डबा तपासायला पैसे लागत नाहीत. खोलीला थोडे लागतात. इमारतीला पैसे, माणसं आणि चिकाटी तिन्ही लागतात. चुकीच्या आकड्यावर विसंबून एखाद्या ताईंना भिंत फोडायला लावली तर पुढचा खरा आकडा त्या ऐकणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल.

१. डबा ठेवलाय कुठे?

दुसऱ्या मजल्यावरच्या एका मावशींचा फोन होता, "डबा मेलाय, काहीच दाखवत नाही." गेलो तर डबा फ्रिजवर, त्यावर पंचा टाकलेला. दिवसा अकरा वाजता घरात ट्यूबलाईट चालू होती, कारण खिडकीसमोर हात लांब केला तर लागेल अशी दुसऱ्या विंगची भिंत. मावशी म्हणाल्या, "अरे, रात्रभर लाल दिवा डोळ्यावर येतो. नातू झोपत नाही. आणि तो लाल बघून मलाच वाटतं, माझंच काहीतरी चुकतंय." पंचा काढला आणि दिव्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून दिला. आता प्रत्येक घरी जाताना पट्टी खिशात असते.

फ्रिज, टीव्ही, राउटर यांच्या वर किंवा मागे डबा ठेवला की आतलं तापमान दोन-तीन अंशांनी चढतं. पावसाळ्यातल्या हवेत एक अंश चूक म्हणजे आर्द्रतेत चार-पाच टक्के चूक. ओल्या भिंतीच्या घरात ६० दिसतात ते बहुधा यामुळेच. खिडकीच्या कठड्यावर ठेवला तर डबा बाहेरची हवा मोजतो, गॅसजवळ ठेवला तर फोडणी, आणि उशाशी ठेवला तर एकाच माणसाचा श्वास. योग्य जागा म्हणजे आतली कोरडी भिंत, जमिनीपासून तीन-चार फुटांवर, शेगडीपासून जमेल तेवढी लांब, मागे बोटभर फट. एकच खोली असलेल्या घरात मनासारखी जागा मिळत नाही. तेव्हा आपण झोपतो त्या उंचीच्या जवळ आणि शेगडीपासून दूर, एवढं पाळा.

जागा बदलल्यावर दोन दिवस थांबा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

२. रात्री आकडे बंद होत असतील तर

बहुतेक घरांत वायफाय म्हणजे कुणाच्या तरी मोबाईलचा हॉटस्पॉट. मुलगा कामावरून आला की आकडे सुरू, रात्रपाळीला गेला की बंद. डब्यातली चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडते. नवा फोन हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर देतो, मग डब्याला तो दिसतच नाही. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये २.४ निवडा. जमत नसेल तर डब्यात मेमरी कार्ड घालून आकडे आतच साठवा. मला तरी हेच जास्त भरवशाचं वाटतं.

दुसरं कारण विजेचं बिल. हा डबा साधारण एक वॅट घेतो. महिनाभर चोवीस तास चालला तर ०.७२ युनिट, म्हणजे एक युनिटसुद्धा नाही. हे कागदावर मांडून दाखवलं की प्लग काढला जात नाही.

तिसरं कारण कुणी तोंडाने सांगत नाही. सीओटूच्या आलेखावरून घरात कधी माणसं असतात आणि रात्री साधारण किती झोपतात याचा अंदाज येतो. पुनर्वसनाच्या खोलीत कोण राहतं हा प्रश्न सरकारी कागदावर किती नाजूक असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. भाडेकरू किंवा गावाहून आलेला भाऊ घरात असेल तर माणूस डबा बंदच करणार. म्हणून आकड्यांसोबत नाव किंवा खोली क्रमांक ठेवू नका, फक्त मजला आणि खिडकीची दिशा लिहा. आकडे आधी त्या घराला दाखवा, त्यांनी हो म्हटल्यावरच दुसऱ्याला. घराचे आकडे घरच्यांचे, हे डबा लावतानाच स्पष्ट सांगा.

३. उदबत्तीला उडी मारणारा सीओटू

स्वस्त डब्यांत एमक्यू-१३५, सीसीएस८११, एसजीपी३० असे सेन्सर असतात. ते कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. हवेतल्या वाफा आणि वायू मोजून सीओटूचा अंदाज बांधतात आणि तोच पडद्यावर छापतात. उदबत्ती, फोडणी, फरशी पुसायचं फिनेल, नेलपॉलिश, सगळ्याला ते सीओटू म्हणतात.

शोधून काढायला एक मिनिट लागतं. घरात दिवा-शेगडी बंद असताना कापसाच्या बोळ्यावर हात धुवायच्या सॅनिटायझरचे दोन थेंब घ्या आणि बोळा डब्यापासून वीतभर अंतरावर धरा. सीओटू झपकन हजारावर गेला तर तो अंदाजवाला सेन्सर. खरा सेन्सर, म्हणजे अवरक्त प्रकाशाने मोजणारा एनडीआयआर किंवा एससीडी४० सारखा, जवळजवळ हलत नाही. तुम्ही श्वास सोडलात तर मात्र हलेल, म्हणून तोंड बाजूला ठेवा.

अंदाजवाला निघाला तर दुरुस्ती नाही, सेन्सर बदलायचा. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात खरा सेन्सर मिळतो, पण तो महाग आहे. पैसे नसतील तर सीओटूचा आकडा पडद्यावरून काढून टाका. चुकीच्या आकड्यापेक्षा कोरी जागा बरी.

४. कधीच लाल न होणारा डबा

खऱ्या सीओटू सेन्सरमध्ये आपोआप सुधारणा करायची सोय असते. काळानुसार त्याचं मोजमाप सरकत जातं, म्हणून तो एक गृहीत धरून चालतो: ठरावीक दिवसांत एकदा तरी ही खोली बाहेरच्या हवेइतकी मोकळी होणारच. त्या मुदतीत दिसलेल्या सगळ्यात कमी आकड्याला तो ४०० समजतो आणि बाकीचे आकडे त्याप्रमाणे खाली-वर करतो. काही सेन्सरमध्ये ही मुदत सात-आठ दिवसांची, एमएच-झेड१९बी या मॉडेलमध्ये तर फक्त २४ तासांची.

ऑफिसात हे गृहीत खरं ठरतं. रात्री आणि रविवारी तिथे कुणी नसतं. पण २२५ चौरस फुटांची खोली घ्या, सहा माणसं, आजी चोवीस तास घरी, समोर भिंत, खिडकीला डासांमुळे प्लास्टिक ठोकलेलं. ही खोली कधीच मोकळी होत नाही. तिचा दिवसातला सगळ्यात चांगला आकडा ८०० असतो. सेन्सर त्या ८०० लाच ४०० म्हणायला लागतो. मग रात्रीचे खरे १८०० पडद्यावर साधारण १४०० दिसतात, आणि हळूहळू दिवा पिवळ्यावर, मग हिरव्यावर येतो. कोंदट खोलीची सेन्सरला सवय होते. जिथे हवा सगळ्यात वाईट तिथेच डबा सगळं ठीक आहे म्हणू लागतो, आणि मोकळ्या हवेच्या घरातला डबा मात्र खरं बोलत राहतो. चार घरांचे आकडे शेजारी ठेवले तर उलटंच चित्र उभं राहतं. हे मला कळायला जवळजवळ वर्ष गेलं, आणि त्या वर्षात मी काही घरांना "तुमचं उत्तम आहे" असं सांगून आलो होतो. त्या घरांत नंतर पुन्हा जाऊन माफी मागितली.

तपासायचं असं: डबा पॉवर बँकेला जोडा आणि गच्चीवर न्या. सावलीत ठेवा, कडक उन्हात नको. तुम्ही चार पावलं लांब उभे राहा, म्हणजे श्वास त्यावर जाणार नाही. वीस मिनिटं थांबा. मोकळ्या हवेत सीओटू आज ४२० पीपीएमच्या थोडा वर असतो, शहरात ४५०-४८० पर्यंत. आकडा थोडा हलत-डुलत या पट्ट्यात बसला तर सेन्सर बरोबर आहे. तो ४०० वर खिळला असेल तर शंका घ्या. काही सेन्सर ४०० च्या खाली आकडा दाखवतच नाहीत, त्यामुळे आत तो ३०० वर गेलेला असला तरी बाहेर ४०० च दिसतो. ५५० च्या वर राहिला तर उलट दिशेने चुकलाय.

फुंकर मारून तपासू नका. फुंकरीने आकडा वाढला तर सेन्सर जिवंत आहे एवढंच कळतं. बरोबर आहे की नाही ते कळत नाही.

दुरुस्ती तिथेच गच्चीवर करायची. एमएच-झेड१९बी ला एचडी नावाची पिन असते. बाहेरच्या हवेत वीस मिनिटं ठेवल्यावर ती सात सेकंदांपेक्षा जास्त वेळ ग्राउंडला टेकवली की सेन्सर तिथल्या मोकळ्या हवेला ४०० धरून नव्याने मोजायला लागतो. बाकीच्या सेन्सरना हीच आज्ञा प्रोग्राममधून देता येते. त्यानंतर आपोआप सुधारणा बंद करा, हे विसरू नका, नाहीतर काही दिवसांत पुन्हा तेच. बंद केल्यावर दर तीन महिन्यांनी हातानेच गच्चीवर फेरी करावी लागते. डब्याच्या पाठीवर मार्करने तारीख लिहा.

५. आर्द्रतेची मिठाची चाचणी

बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ, त्यात पाण्याचे थोडेच थेंब. ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, वर पाणी तरंगता कामा नये. हे झाकण आणि पॉवर बँकेवर चालू असलेला डबा एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि रात्रभर पंख्यापासून दूर ठेवा. ओलं मीठ बंद जागेतली हवा ७५ टक्के आर्द्रतेवर आणून ठेवतं. हा निसर्गाचा नियम आहे, त्यात कंपनीचा संबंध नाही. सकाळी डब्याने ७१ ते ७९ च्या मधलं काहीही दाखवलं तर पास.

तिथेही ९९ दाखवत असेल तर सेन्सरमध्ये ओल शिरली आहे. डीएचटी११ नावाच्या स्वस्त आर्द्रता-सेन्सरमध्ये हे फार होतं, आणि तो नवा असतानाही पाच टक्के इकडेतिकडे करतो. तीन-चारशे रुपयांत एसएचटी३१ हा जास्त अचूक सेन्सर मिळतो, तो घाला.

६. धुळीचा आकडा

यावर थोडक्यातच. लेझरवाल्या सेन्सरच्या छोट्या पंख्यात जाळ्या, केस, कधी झुरळाचं पिल्लू अडकतं. मऊ ब्रशने साफ करा, तोंडाने फुंकू नका. आर्द्रता ८५ च्या वर गेली की हवेतले कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा फुगवून दाखवतात, म्हणून जुलै-ऑगस्टच्या आकड्यावरून घाबरू नका. नोव्हेंबर ते जानेवारीच्या पहाटेचा आकडा मात्र गांभीर्याने घ्या. भारताची २४ तासांची मर्यादा पीएम २.५ साठी (म्हणजे अतिबारीक धुळीसाठी) घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. जवळच्या देवनार कचरा डंपिंगला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली होती तेव्हा आमच्याकडे खिडक्या बंद ठेवणं हेच शहाणपण होतं. बाहेर धूर असताना "हवा खेळती ठेवा" हा सल्ला लागू नाही.

७. डबा बरोबर आहे, आता खोली

रात्रीचा लाल दिवा खरा निघाला तर आधी त्या घरातल्या बाईला सांगा की ही तिची चूक नाही. हिशोब दाखवा. २२५ चौरस फूट, नऊ फूट उंची, म्हणजे जवळजवळ ५७ हजार लिटर हवा. मोठा माणूस झोपेत तासाला बारा-तेरा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. पाच माणसांचे साठेक लिटर. सगळं घट्ट बंद असेल तर दर तासाला सुमारे हजार पीपीएम वाढ. फटींतून थोडी हवा येते म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी वाढतं, पण पहाटेपर्यंत दोन-अडीच हजार गाठायला वेळ लागत नाही. पुनर्वसनाच्या नवीन नियमांतली खोली ३०० चौरस फुटांची आहे. तिथेही पाच-सहा माणसं झोपली की फार फरक पडत नाही.

पंखा नवी हवा आणत नाही, आहे तीच फिरवतो. एसीचंही तेच. हे प्रत्येक घरी नव्याने सांगावं लागतं.

फुकटातला प्रयोग: एक रात्र नेहमीसारखी. दुसऱ्या रात्री खिडकी चार बोटं उघडी. तिसऱ्या रात्री खिडकी चार बोटं आणि समोरच्या बाजूचं काहीतरी उघडं, म्हणजे बाथरूमची जाळी किंवा मुख्य दरवाजावरची झडप. सकाळचे तिन्ही आकडे वहीत लिहा. हवेला यायला एक वाट आणि जायला दुसरी लागते. एकच खिडकी उघडून फारसा फरक पडला नाही म्हणून निराश झालेली पुष्कळ घरं दुसरी वाट मिळाल्यावर सुधारलेली मी पाहिली आहेत.

खिडकी बंद का ठेवतात हे विचारल्याशिवाय "उघडा" म्हणू नका. डास, उंदीर, खालच्या गटाराचा वास, चोरी, आणि समोरच्या घरातली खिडकी दहा फुटांवर असल्यामुळे बाईला कपडे बदलता येत नाहीत हेही. डासांसाठी वेल्क्रोची जाळी लावता येते. समोरच्या नजरेसाठी पडदा फक्त खालच्या अर्ध्या भागाला लावा, वरचा अर्धा मोकळा ठेवा. गरम हवा वरूनच बाहेर जाते. ही युक्ती एका वहिनींनी शोधली, मी फक्त पुढच्या घरी नेली.

यानेही भागलं नाही तर सहा इंची एक्झॉस्ट फॅन. घ्यायच्या आधी त्याचं तोंड कुठे उघडणार ते बघा. लावून झाल्यावर टिश्यू पेपर त्याच्या जाळीजवळ धरा. चिकटून राहिला तर ओढतोय. गळून पडला तर पुढे वाट बंद आहे, किंवा आत यायला हवाच नाही.

८. ओल आणि बुरशी

भिंतीवर काळे ठिपके, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास, आर्द्रता सतत ८० च्या वर. पाणी खोलीतल्या वाफेचं आहे की भिंतीतून येतंय, हे आधी ठरवा. ओल्या जागेवर फूटभर ॲल्युमिनियम फॉइल ठेवा, चारही कडांना टेप लावून बंद करा, दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं असेल तर खोलीतली वाफ. भिंतीकडच्या बाजूला जमलं असेल तर पाणी भिंतीतून येतंय.

वाफ असेल तर उपाय घरातच आहेत: भात शिजवताना झाकण, ओले कपडे गॅलरीत किंवा गच्चीवर, आंघोळीनंतर बाथरूमचं दार बंद आणि एक्झॉस्ट चालू, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवा. जुलैत बाहेरच्या हवेतच घनमीटरला वीस-बावीस ग्रॅम पाणी असतं. तेव्हा खिडकी उघडून आर्द्रता उतरणार नाही, सीओटू उतरेल. आर्द्रतेसाठी त्या दिवसांत भिंतीवर पंख्याचा वारा हाच उपाय.

बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, तिचे कण घरभर उडतात. मास्क लावा, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या. घरात दम्याचं मूल असेल तर तेवढा वेळ त्याला शेजारी पाठवा.

पाणी भिंतीतून येत असेल तर आतून वॉटरप्रूफ रंग मारू नका. पाणी मागे अडकतं आणि पुढच्या पावसाळ्यात रंगासकट प्लास्टर फुगून येतं. हे पैसे वाया गेलेले मी फार घरांत पाहिलेत, आणि ते बचत गटाच्या कर्जाचे असतात.

९. इमारत

इथून पुढे एकट्या घराच्या हातात फार उरत नाही. वरच्या घराच्या नहाणी ट्रॅपमधून गळतं की डक्टमधल्या (पाइप आणि एक्झॉस्टसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतल्या) पाइपातून, हे प्लंबर रंगीत पाणी टाकून दाखवतो. वरच्या काकूंना आधी भेटा. त्यांच्या लक्षातही आलेलं नसतं. डक्ट कबुतरांच्या विष्ठेने आणि कचऱ्याने भरला असेल तर सगळ्या मजल्यांचे एक्झॉस्ट निकामी होतात. तो साफ करणं सोसायटीचं काम आहे. गच्चीखालच्या घरात उन्हाळ्यात रात्रीही ३४-३५ अंश दिसत असतील तर गच्चीला पांढरा चुना किंवा पांढऱ्या टाइल्सचे तुकडे हा सगळ्यात स्वस्त उपाय.

सोसायटीपुढे आकडे नेणार असाल तर ते पक्के करून न्या. आधी दोन डबे एकाच खोलीत शेजारी ठेवून दोन दिवस चालवा, त्यांच्यातला फरक लिहा, मग एक दुसऱ्या मजल्यावर आणि एक सातव्यावर लावा. हे केलं नाही तर पहिला प्रश्न येतो, "तुमच्या मशीनचाच फॉल्ट कशावरून नाही?" आणि तुमच्याकडे उत्तर नसतं.

खालचे मजले अंधारे आणि कोंदट असतात ही नुसती कुरकुर नाही. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड आणि पीएमजी कॉलनी या महापालिकेच्या एम-पूर्व वॉर्डातल्या तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी केली. ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचं प्रमाण जास्त दिसलं. दोन इमारतींमधलं अंतर घरातल्या बाईने ठरवलेलं नसतं. म्हणून वहीतले आकडे, मजला आणि तारखेसह, सोसायटीच्या सभेत आणि वॉर्ड ऑफिसात गेले पाहिजेत.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

गॅसचा वास आला तर डबा विसरा. बटण चालू-बंद करू नका, रेग्युलेटर बंद करा, दार-खिडक्या उघडा, बाहेर पडा, बाहेरून १९०६ ला फोन करा.

बाथरूममध्ये गॅस गिझर असेल आणि कुणाचं डोकं जड होत असेल, मळमळत असेल, तर माणसाला आधी बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा. आपला सीओटू सेन्सर कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. हिरवा दिवा असतानाही त्या वायूने माणूस जातो. गिझर तंत्रज्ञाने तपासेपर्यंत वापरू नका. ज्या बाथरूमला गॅस गिझर आहे तिथे एक्झॉस्ट फॅन बसवायच्या आधीही त्यालाच विचारा, कारण फॅन धूर उलट आत ओढू शकतो.

ओल स्विचबोर्डपर्यंत पोचली असेल, भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील किंवा एमसीबी पडत असेल, तर मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. मी स्वतः सोल्डरिंग करतो, पण ओल्या भिंतीतल्या वायरिंगला हात लावत नाही.

स्लॅबचे पोपडे पडत असतील, गंजलेली सळई दिसत असेल, भिंतीतला तडा वाढत असेल, तर प्लास्टर लिंपून झाकू नका. सोसायटीने स्ट्रक्चरल इंजिनीअर बोलवायचा. ३० वर्षांहून जुन्या इमारतींना ऑडिट कायद्यानेच बंधनकारक आहे. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ साली आलं, म्हणजे त्या योजनेतल्या पहिल्या इमारतीही आता तिथे पोचताहेत. सळई दिसत असेल तर मात्र वय मोजत बसू नका.

आणि घरात कुणालाही दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर सेन्सर नीट होईपर्यंत थांबू नका. महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि क्षयाची औषधं मोफत मिळतात. चौकशीसाठी १८००-११-६६६६ हा मोफत नंबर आहे.